वाऱ्याचा डॉक्टर आणि लावलेलं दार

“मी बरोबर होतो की चुकलो, एवढंच सांगा. बाकी मला काही नको.”

“बरोबर होतास,” अक्का म्हणाल्या.

सबंध चढण डॉक्टर तोरसकर भांडणाची तयारी करत आला असणार. आता त्या तयारीचं काय करावं ते त्याला कळेना.

“तुम्ही आधी ऐकून तर घ्या...”

“ऐकलंय. मागल्या खेपेला ऐकलं, त्याच्या मागल्या खेपेलाही ऐकलं. बरोबर होतास. जेवून जा.”

तो जेवायला बसला नाही. तो कशालाच बसत नाही. त्याच्यासाठी ओटीवर पाट मी दर वेळी मांडतो आणि दर वेळी तसाच उचलून ठेवतो.

मी सदोबा. काशीअक्कांच्या मठात चूल सांभाळतो. मठ म्हणजे सड्यावरचं, डोंगराच्या सपाट माथ्यावरचं एक कौलारू घर, पुढे ओटी, मागे विहीर. फार काही मनात आणू नका. इथे येणारी माणसं बहुतेक रडायला येतात आणि रडून झालं की दोन घास खाऊन हलकी होऊन जातात. हा एकटा भांडायला यायचा आणि आला त्याहून जड होऊन जायचा. मला त्याचा राग यायचा, हे सांगून टाकतो. वयाने तो माझ्याएवढाच, म्हणून पाठीमागे मी त्याला अरेतुरे करतो. तोंडावर ‘अहो डॉक्टर’च म्हणतो.

खाली नांदवलीत त्याचं घर आहे. परदेशातून तो कायमचा परत आला तेव्हा गावातल्या बायका त्याला पोरांचा खोकला दाखवायला घेऊन जायच्या. मग कळलं, हा माणसांचा डॉक्टर नव्हे, वाऱ्याचा. वादळात घर का पडतं आणि वणव्यात का पेटतं, हे शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्या विद्येत त्याचा शब्द शेवटचा मानतात. हे तो स्वतःच सांगतो, पण ते खोटं नाही.

त्या दिवशी फाल्गुनातलं ऊन होतं. खाडीपलीकडच्या डोंगराला वणवा लागला होता आणि जळक्या गवताचा वास आमच्या ओटीपर्यंत येत होता. तोरसकर ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर अशा येरझारा घालत होता. मधेच थांबून त्याने वर पाहिलं.

“हे काय? कौलांवर एवढा पातेरा?”

“वाळकी पानंच ती,” मी म्हटलं. “पावसाआधी काढतो आम्ही.”

“पावसाआधी! समोर वणवा दिसतोय ना? ज्वाळा इथवर यायची गरजच नसते. एक निखारा वाऱ्यावर उडत येतो, पातेऱ्यात पडतो आणि कौलाखालून वासा धरतो. घरं अशी जळतात. मी पेटवून पेटवून बघितलंय.”

मी अक्कांकडे पाहिलं. मला वाटलं, त्या हसतील.

“सदोबा, शिडी आण,” अक्का म्हणाल्या. “त्याला यातलं कळतं.”

चुलीवर भात चढवला होता. तो तसाच टाकून मी शिडी आणली. मी चढणार तेवढ्यात माझ्या हातातला झाडू ओढून घेऊन तोरसकर स्वतःच वर गेला. पानांचे पुंजके अंगणात पडू लागले. हाताला काम मिळालं तसा त्याचा आवाज जरा खाली आला.

“डॉक्टर, तुम्ही घरं पाडता म्हणे?” मी खालून विचारलं.

“पाडतो. तिकडे परदेशात मोठी वखार असते, विमान मावेल एवढी. तिच्या एका भिंतीला नुसते पंखेच पंखे. पुढ्यात खरंखुरं घर बांधायचं, खिळ्यापासून छपरापर्यंत. मग वारा सोडायचा आणि आधी काय सुटतं ते बघायचं. मग दुसरं घर बांधायचं.”

“आणि आत कोण असतं?” अक्कांनी विचारलं.

“कशाच्या आत?”

“त्या घरांच्या.”

“कोणी नाही.” तो हसला. “माणसं कशी ठेवणार, अक्का? रिकामी असतात.”

“ते बरंच करतोस.”

वर झाडू थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

त्याची हकीकत मला एव्हाना पाठ झाली होती.

त्याच्या गावावर गेल्या ज्येष्ठात वादळ आलं होतं. भर दुपारी आलं. नांदवलीतली निम्मी छपरं उडाली. तोरसकरने आपलं घर आपल्या विद्येप्रमाणे बांधून घेतलेलं, म्हणून आजूबाजूची बिऱ्हाडं पोराबाळांसकट त्याच्याकडे आसऱ्याला आली. घराचं दार समुद्राकडे. वारा ऐन भरात असताना त्या दारावर थापा पडल्या. शेजारच्या जनाकाकू होत्या. सकाळी बोलावलं तेव्हा ‘शेळ्या टाकून कुठं येऊ’ म्हणाल्या होत्या. आता त्यांचं स्वतःचं छप्पर गेलं होतं.

तोरसकरची बायको हेमांगीवहिनी. त्यांनी कडीला हात घातला. तोरसकरने त्यांचं मनगट धरलं.

का धरलं, हे तो आम्हाला दर खेपेला समजावत असे, आणि मला ते पटलंही होतं. वाऱ्याच्या तोंडावरचं दार उघडलं की वारा घरात भरतो. भरलेला वारा छपराला खालून रेटतो आणि वरचा वारा ते वर ओढतो. छप्पर गेलं की भिंतीही राहत नाहीत. आत पोरं होती.

वारा उतरल्यावर त्यांनी दार उघडलं. अंगणातला माड कोसळला होता. जनाकाकू त्याखाली गेल्या होत्या.

घराचं काही म्हणजे काही झालं नव्हतं.

“उद्या बैठक आहे,” वरून आवाज आला. “किनाऱ्यावरच्या गावागावांत लावायचे नियम. मीच लिहिलेत, सगळे मंजूर होतील. एक वाक्य तेवढं अजून दिलेलं नाही.”

“कोणतं?”

तोरसकरने ते शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं. “दार एकदा लावले की वारा उतरेपर्यंत वाऱ्याकडचे दार कोणत्याही कारणाने उघडू नये.”

“बरं आहे की.”

“बरोबर आहे! एक शब्द चुकीचा नाही त्यात. हे वाक्य गेलं तर पुढच्या वादळात माणसं वाचतील. नाही गेलं तर कोणीतरी दार उघडेल आणि घरातली सगळी जातील.”

“मग दे.”

“देणारच आहे.”

“मग?”

तो शिडी उतरून खाली आला. अंगावर धूळ, केसांत पानांचा चुरा. माणूस एकदम म्हातारा दिसला मला.

“लिहायला बसलं की हात उठत नाही. माझा! जन्मभर हेच लिहीत आलोय मी. आणि घरी ही... हेमांगी आता पुढचं दार लावू देत नाही. मी लावलं की ती उघडते. भांडत नाही, बोलत नाही, नुसती जाऊन उघडते. तुमचा शब्द ती मानते, अक्का. मी बरोबर होतो, असं एकदा मनापासून म्हणा. मी तिला जाऊन सांगतो, वाक्य देतो आणि सुटतो.”

“बरोबर होतास. अगदी मनापासून म्हणते.”

त्याने अक्कांच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्या थट्टा करत नव्हत्या. दार उघडलं असतं तर पोरं गेली असती, हे अक्कांनाही दिसत होतं.

“मग मला बरं का वाटत नाही?” तो ओरडलाच.

विहिरीवरचा कावळा उडाला. अक्का तशाच बसून होत्या.

“जना काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“कधी?”

“दाराशी.”

“अहो, त्या वाऱ्यात काय ऐकू येतंय! तुम्हाला कल्पना नाही. शेजारी उभं राहून कोणी ओरडलं तरी शब्द कळत नाही. वारा कानातच...”

अक्का ऐकत होत्या. तो बोलता बोलता सावकाश झाला आणि थांबला.

“...नावाने हाक मारत होती.”

“काय म्हणून?”

“सारंगा. सारंगा, अरे मी आहे रे.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “लहानपणी पेज प्यायला बोलवायची, तशीच.”

हे त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी पानं गोळा करत होतो, तो उभा राहिलो.

“मग तू काय म्हणालास?”

“आमच्या घराला मागे दार आहे,” तो भलतीकडेच वळला. “वाऱ्याच्या आडोशाला. ते उघडलं असतं तर छपराला धक्का लागला नसता. माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या वखारीतल्या घरांना एकच दार असतं, अक्का. दुसरं आम्ही काढतच नाही. कोण जाणार येणार त्यातून? जन्मभर एका दाराची घरं पाडली आणि ऐन वेळी स्वतःच्या घराचं दुसरं दार आठवलं नाही. पण ते मी आता नियमांत घातलंय. प्रत्येक घराला आडोशाचं दार पाहिजे आणि आलेल्या माणसाला तिथूनच आत घ्यायचं. ती चूक मी दुरुस्त केली.”

“चांगलं केलंस.”

“मग झालं तर!”

“तू काय म्हणालास, ते विचारलं मी.”

तोरसकर चार पावलं फाटकाकडे गेला. मला वाटलं, चालला. तो परत आला.

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“गप्प राहिलो. सगळ्यांना गप्प बसवलं. एका पोरीने ‘जनाआजी’ म्हणून हाक मारली, तर तिच्या आईला म्हटलं, तोंड दाब तिचं.” त्याने केसांतला पानांचा चुरा झटकला. “आवाज दिला असता तर दार उघडावं लागलं असतं. हे इथे बसून नाही कळायचं तुम्हाला. दार लावून धरायचं तर गप्पच राहावं लागतं. दोन्ही एकच आहे.”

“एकच?”

“एकच!”

अक्का उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. मला खुणेनं आत बोलावलं. मला वाटलं, त्याला द्यायला काही प्रसाद-बिसाद काढायचा असेल. मी उंबरा ओलांडून आत गेलो.

अक्कांनी माझ्यामागे दार लावलं. कडी घातली.

मी विचारायला तोंड उघडलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

मग त्याच्या चपलांचा आवाज ओटीवर आला, गेला, पुन्हा आला.

“अक्का?”

...

“अक्का, पूजेला बसलात का? मला निघायला हवं. बैठकीचे कागद अजून नीट लावायचेत.”

...

“सदोबा! अहो सदोबा!”

आयुष्यात मला कोणी हाक मारली आणि मी उत्तर दिलं नाही, असं झालेलं नाही. जीभ आपोआप उचलली गेली. अक्कांची बोटं माझ्या मनगटात रुतली. म्हाताऱ्या बाईच्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

त्याने कडी वाजवली.

“माझं काही चुकलं का? चुकलं असेल तर तसं सांगा. मी काय पहिल्यांदा बोललोय का असं?”

...

“ठीक आहे. नका बोलू. तुमच्याकडे उत्तर नाहीये ना, म्हणून आत जाऊन बसलात. मला माहीत होतं. एवढा शिकलेला माणूस मी, इथे चढून येतो तोच मूर्ख.”

फळ्यांच्या फटीतून त्याचे पाय दिसत होते. पायऱ्यांपर्यंत जात आणि वळून येत. आत चुलीवरचा भात लागल्याचा वास सुटला. मला जाता येईना. मी अक्कांकडे बघितलं, म्हटलं भाताकडे तरी जाऊ द्या. अक्कांच्या कपाळावर घाम होता. डोळे दाराला लागलेले. ओठ घट्ट मिटलेले, आणि तरी ते हलत होते. मी त्यांच्यापाशी इतकी वर्षं आहे, पण त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मला त्यांची भीती वाटली, आणि बाहेरच्या माणसाची दया आली. ती मला तोवर कधीच आली नव्हती.

त्याने दारावर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारू लागला.

“आहात ना आत? मला माहितेय तुम्ही आत आहात! माणूस बाहेर उभा आहे, अक्का! माणूस उभा आहे बाहेर!”

थापा थांबल्या.

चपलाही वाजल्या नाहीत. गेला असावा असं मला वाटलं. एवढ्यात दार थोडं आत दबलं आणि कडी किणकिणली. बाहेर तो दाराला पाठ टेकून खाली बसला होता. मठात येऊन तो बसला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.

“ती अशीच...” तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी कडीकडे बघितलं. अक्कांनी मान हलवली. नाही.

मग तो बोलला. वाऱ्याचा डॉक्टर तोरसकर असा कधी बोलला नव्हता. आवाज अगदी खालून, उंबऱ्याजवळून आला, लहान पोराचा येतो तसा.

“नका उघडू, अक्का. दार नका उघडू. राहू दे लावलेलं.”

...

“पण ओ तरी द्या.”

अक्कांनी माझं मनगट सोडलं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या, लावलेल्या दाराला आपलीही पाठ टेकून. आता दोघांच्या मधे तेवढी एक फळी होती.

“ओ,” अक्का म्हणाल्या.